चौदाव्या रांगेतली मोकळी जागा

वनखात्याच्या परवानगी विभागात त्यांना सगळे खुंटीसाहेब म्हणत. तोंडावर साहेब, पाठ वळली की नुसतं खुंटी. माणूस नाकासमोर चालणारा, बोलणं मोजकं, कपाळावर कायमची आठी. सव्वीस वर्षं एकाच खुर्चीवर काढली, पण त्या खुर्चीत बसून कागदी घोडे नाचवणं काही त्यांना जमलं नाही. जागेवर गेल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. आठ महिन्यांनी निवृत्त व्हायचं होतं तरी बूट चिखलाचेच.

त्यांचं काम असं. एखाद्या कंपनीला वाटलं की अमुक जंगलाखाली धातू असावा, की ती शोधासाठी बोअर मारायची परवानगी मागते. खाण नव्हे, नुसता तपास. मनगटाएवढं भोक, पण दोन-दोनशे मीटर खोल. अर्जासोबत नकाशा येतो, नकाशावर टिंबं असतात, आणि प्रत्येक टिंबाच्या जागी कंपनीचा माणूस जंगलात जाऊन लाल डोक्याची खुंटी ठोकून येतो. मग खात्याचा माणूस जाऊन पाहतो. किती झाडं तोडावी लागतील, ओढा किती लांब आहे, घरटी, बिळं, दफनाच्या जागा, सगळं बावीस रकान्यांच्या फॉर्ममध्ये भरतो आणि खाली सही करतो. त्या सहीशिवाय यंत्र जंगलात शिरत नाही.

नियमात एक सवलत होती. खुंटी पंधरा मीटरपर्यंत सरकवली तर नवा अर्ज लागत नसे. तपासणाऱ्यानं कारण लिहिलं की झालं. बाकीचे या ओळीकडे ढुंकूनही पाहत नसत, कारण खुंटी सरकवायची म्हणजे उन्हात फीत धरून फिरायचं. खुंटीसाहेबांनी मात्र त्या एका ओळीवर आयुष्य काढलं. खुंटी झाडाच्या मुळाशी दिसली की ते आजूबाजूला हिंडत, मोकळी जागा हेरत, खुंटी उपटत आणि तिथं नेऊन ठोकत. कारणाच्या रकान्यात ठरलेलं वाक्य: वृक्षतोड टाळण्यासाठी. वाचलेली झाडं ते एका वहीत लिहून ठेवत. तीनशे अठरा झाली होती.

"वर गेल्यावर वही दाखवणार आहात का?" बायको विचारायची.

"विचारलं तर दाखवीन," ते म्हणायचे. हा एवढाच विनोद त्यांच्या नावावर होता.

आता, सगळीकडे झाडं असताना मधलीच एक जागा मोकळी का, हा प्रश्न त्यांना सव्वीस वर्षांत पडला नाही. कुणाला पडतो म्हणा. मोकळी जागा दिसली की माणसाला बरंच वाटतं.

त्या वर्षी दुसऱ्या टप्प्याचा अर्ज आला. ज्या जंगलात आदल्या वर्षी वीस बोअर झाले होते, तिथंच आणखी बत्तीस. ते जंगल आपोआप वाढलेलं नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी खात्यानंच मजूर लावून सरळ रांगांत लावून घेतलं होतं, वहीतल्या ओळींसारखं. जाहीर सूचना कार्यालयाच्या फलकावर लागली, हरकतींसाठी तीस दिवस दिले. एकोणतीस दिवस कुणी फिरकलं नाही. तिसाव्या दिवशी दुपारी एक म्हातारी बाई आली. बांधा काटक, चप्पल दोरीनं बांधलेली.

"हरकत इथंच घेतात का?"

खुंटीसाहेबांनी फॉर्म पुढे ओढला. "नाव सांगा, मावशी. मी लिहून घेतो."

"लिहू नका," ती म्हणाली. "विचारायचंय फक्त. त्या जंगलाच्या लावणीला मी होते. नाल्याकडून धरली तर चौदावी रांग, त्यात एकविसावी जागा. तिथं गेल्या वर्षी पाइप आला का?"

"स्वतः जाऊन बघितलं नाहीत?"

"फाटकावरचा माणूस आत सोडत नाही. म्हणतो, बाहेरच्यांना बंदी आहे."

ती बंदी खुंटीसाहेबांचीच होती. परवानगीतली नववी अट, सुरक्षिततेसाठी, त्यांनी स्वतःच्या हातानं घातलेली. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. "एकविसाव्या जागेत काय आहे?" त्यांनी विचारलं.

बाईनं दाराकडे पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली. मग तिनं सांगितलं, तेही बाजारातली गोष्ट सांगावी इतक्या सपाट आवाजात. लावणीच्या पहिल्या वर्षी मजुरांचे तंबू जंगलातच होते. गोवराची साथ आली. मोठी माणसं उठली, पोरं उठली नाहीत. गाव दोन दिवसांच्या वाटेवर, आणि सुट्टी घेतली तर कामावरून नाव कमी. रोपांसाठी खड्डे खणलेलेच होते. बायकांनी आपापलं मूल आपापल्या रांगेतल्या खड्ड्यात ठेवलं, माती ओढली आणि पुढच्या खड्ड्यात रोप लावलं. सव्वीस पोरं, तीन आठवड्यांत. त्या जागांवर पुन्हा कुणी रोप लावलं नाही. मुकादम कठोर होता, पण त्याचंही एक गेलं होतं. वरच्या साहेबांनी विचारू नये म्हणून त्यानं लावणीच्या नोंदवहीत त्या त्या जागेपुढे लिहून टाकलं: खाली खडक.

"आणि हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय होतं? पलीकडच्या जंगलात एकीनं सांगितलं होतं. साहेबलोक आले, खात्री करायची म्हणून उकरून बघितलं. होतं. मग परत बुजवलं." तिनं फॉर्म बाजूला सारला. "म्हणून म्हणते, लिहू नका. पाइप आला का तेवढं सांगा."

खुंटीसाहेबांना उत्तर तेव्हाच माहीत होतं. बोअर क्रमांक सात. तिथली खुंटी त्याच रांगेत चोविसाव्या जागेवरच्या झाडाच्या बुंध्याशी होती, वर बेचक्यात घुबडाचं घरटं, पिल्लं डोकावत होती. त्यांनी तीन जागा अलीकडे, नऊ मीटरवर मोकळी जागा गाठली आणि तिथं खुंटी ठोकली. परतताना गाडीत ते स्वतःशी गुणगुणत होते, हेही त्यांना आठवलं.

"बघून सांगतो," ते म्हणाले. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी ते तळघरातल्या दप्तरखान्यात उतरले. लावणीची जुनी नोंदवही सापडली. मुकादमाचं अक्षर ठसठशीत होतं. शेजारी त्यांनी आदल्या वर्षीचे बोअरचे अहवाल ठेवले. बोअर मारताना किती खोलीवर काय लागलं ते कंपनी मीटरगणिक लिहून देते. वीसपैकी सहा खुंट्या त्यांनी सरकवल्या होत्या. सहापैकी चार जागांपुढे नोंदवहीत लिहिलं होतं, खाली खडक. आणि त्याच चार बोअरच्या अहवालात पहिली ओळ होती, शून्य ते तीन मीटर, मऊ माती.

त्यांनी चारही पुन्हा तपासल्या. मग बाकीच्या जंगलांच्या नोंदवह्या शोधल्या. वाळवीनं त्यांचा भुगा केला होता. तीनशे अठरा झाडं वाचवताना आणखी किती मोकळ्या जागा निवडल्या आणि त्यातल्या किती खरोखर मोकळ्या होत्या, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. खिशातली वही त्यांना तिथंच टाकून द्यावीशी वाटली, पण सरकारी दप्तरात खासगी वही कशी टाकणार, म्हणून परत खिशात घातली.

त्या दिवसापासून त्यांची चाल बदलली. कार्यालयाच्या आवारात फरशा होत्या तिथवर ठीक. पुढे उघडी जमीन आली की ते कडेकडेनं जात. घरामागच्या कुंड्यांमध्ये एक वीतभर जागा रिकामी होती, तिच्याकडे बघत ते चहा थंड करत. बसथांब्याजवळच्या गवतात एक टक्कल पडलं होतं, तिथं उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी दंडाला धरून बाजूला घेतलं. माणूस वैतागला. काय सांगणार त्याला? जेवताना त्यांना मध्येच कुणीतरी पलीकडच्या खोलीत रांगतंय असं वाटायचं, हाताचे तळवे जमिनीवर पडल्याचा आवाज, आणि ते घास हातात धरून ऐकत राहायचे. त्यांच्या घरात रांगणारं कुणी नव्हतं. मुलगी परगावी, तिला लग्न करायचंच नव्हतं.

"घरात सुरुंग पेरलेत का कुणी?" बायकोनं एकदा विचारलं. "जरा सरळ चाला की."

त्यांनी तिला सगळं सांगितलं. बायको फटकळ होती, पण ऐकताना तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "तिला सांगा."

"सांगितलं तर काय होईल तिचं?"

"न सांगितलं तर तुमचं काय होतंय ते मी बघतेच आहे."

सांगायचं होतंच. पण त्याआधी बत्तीस खुंट्यांचा अहवाल शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. खुंटीसाहेब मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. मोठे साहेब वयानं लहान, माणूस वाईट नाही, फक्त कायम फोनवर.

"रकाना चौदात दफनाची जागा आहे असं लिहिलं, तर पुढे काय होतं?" खुंटीसाहेबांनी जरा लांबूनच विचारलं.

"पुरावा लागतो. जुन्या दप्तरात नोंद आहे का?"

"दप्तरात खडक लिहिलंय."

"मग पोलीस, डॉक्टर, पंच बोलवायचे आणि उकरून बघायचं. कायदाच आहे तो." मोठ्या साहेबांनी फोनवर हात ठेवला. "का? काही आहे का तिथं?"

खुंटीसाहेबांसमोर दोन वाटा होत्या. खरं लिहिलं तर सव्वीस खड्डे उकरले जाणार. मूग गिळून सही केली तर त्यातले काही यंत्राखाली जाणार. "तसं काही नाही," ते म्हणाले. "नियम विचारून ठेवला."

बुधवारी सकाळी त्यांनी बाईला फाटकावरून आत घेतलं. रजिस्टरमध्ये तिची नोंद केली, स्थानिक माहितगार. पहिल्याच रांगेत त्यांना कळून चुकलं की या वेळी कंपनीनं त्यांचं काम सोपं करून ठेवलंय. झाडाच्या मुळाशी एकही खुंटी नव्हती. साहेब नेहमी मोकळ्या जागेतच नेतात, मग आधीच तिथं ठोकू, असा विचार कंपनीच्या पोरांनी केला होता. बत्तीसच्या बत्तीस लाल डोकी मोकळ्या जागांत उभी होती.

"शिकवलंत की आम्हाला," ड्रिलवाला फोरमन हसत म्हणाला. यंत्र अजून फाटकाबाहेरच होतं; तो त्याची सुटी साखळी घेऊन बसला होता, तिला वंगण लावत. "एक झाड पडणार नाही, साहेब. खूश?"

बाई नाल्याकडून मोजत निघाली. प्रत्येक झाडाला ती तळवा लावायची, ओठ हलायचे, आणि खुंटीपाशी आली की सांगायची. "इथं काही नाही. रोपच जळालं होतं." पुढे गेल्यावर, "हे स्वयंपाक करणारीचं. मुलगा होता." आणखी पुढे, "जुळ्यांतलं एक. दुसरं जगलं, आता ट्रक चालवतं." "हे मुकादमाचं." तिचं मोजणं कुठंही चुकलं नाही. तिनं हेरलेल्या प्रत्येक जागी खुंटीसाहेबांनी नोंदवही उघडून बघितली, आणि प्रत्येक वेळी मुकादमाचं तेच ठसठशीत अक्षर निघालं.

बत्तीसपैकी नऊ खुंट्या त्या जागांवर होत्या. जवळपास दुसरी मोकळी जागा नव्हती. रांगा दाट होत्या, पंधरा मीटरच्या आत जिकडे बघावं तिकडे झाडच. खुंटीसाहेबांनी पहिली खुंटी उपटली, सहा मीटरवर नेली आणि एका सरळसोट झाडाच्या मुळाशी ठोकली. झाडावर तोडणीची खूण करायला त्यांच्याकडे रंग नव्हता. सव्वीस वर्षांत कधी लागलाच नव्हता. फोरमनकडून डबा मागून आणला.

फोरमन ब्रश देताना त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. "साहेब, बरं वाटत नाही का? मोकळी जागा सोडून झाडावर?"

"जमीन भुसभुशीत आहे," खुंटीसाहेब म्हणाले, आणि कारणाच्या रकान्यात तेच लिहिलं. नऊ वेळा. पुढे कार्यालयात याची भरपूर चर्चा झाली. झाडांसाठी जीव टाकणारा माणूस जाता जाता नऊ झाडांवर पांढरा पट्टा मारून आला, म्हणजे लाकूडवाल्याशी काहीतरी असणार, असा निष्कर्ष निघाला. त्यांनी कानावर हात ठेवले नाहीत की खुलासा केला नाही. रकाना चौदात त्यांनी लिहिलं, निरंक. खाली सही केली.

नववं झाड झालं तेव्हा ऊन कललं होतं. बाई एका मुळावर बसली.

"सगळ्या रांगा झाल्या," ती म्हणाली. "चौदावीत मात्र नेलं नाहीत तुम्ही."

खुंटीसाहेबांनी दिवसभर वाट अशीच वळवली होती. आता वळवायला वाट उरली नव्हती. ते पुढे झाले, ती मागून आली. एकविसाव्या जागी सिमेंटचा छोटा चौकोन होता, मधून वीतभर पाइप वर आलेला, त्यावर झाकण, झाकणावर क्रमांक सात.

"ही खुंटी इथं नव्हती, मावशी. तिकडे होती, त्या झाडाखाली," त्यांनी हात केला. "झाड वाचावं म्हणून मी सरकवली. मीच. मला माहीत नव्हतं, पण सरकवली मी."

बाईनं झाड पाहिलं, पाइप पाहिला. चेहऱ्यावर काही हललं नाही. "किती खोल गेलंय?"

"दोनशे बारा मीटर."

"म्हणजे किती? या झाडाएवढं?"

"अशी दहा झाडं. एकावर एक."

ती मान वर करून शेंड्याकडे बघत राहिली, जणू खरंच दहा झाडं रचून बघत होती. "रोपाचा खड्डा होता तो," ती शेवटी म्हणाली. "गुडघ्याएवढा. मला आणखी हातभर खणायचं होतं. मुकादम हाका मारायला लागला, मग तेवढ्यातच ठेवलं. तेव्हापासून हेच डोक्यात, की वर राहिलं. पावसानं उघडं पडेल, जनावर उकरेल." तिनं खांद्याची कापडी पिशवी खाली ठेवली. "म्हणून दर वर्षी येऊन पिशवीभर माती टाकते. गेल्या वर्षी सोडलं नाही फाटकावर."

पिशवीत काळी माती होती, खडे वेचून काढलेली. खुंटीसाहेबांना तिथं उभं राहवेना आणि निघताही येईना. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

"आतलं कुठं गेलं?" तिनं विचारलं.

हे त्यांना ठाऊक होतं, आणि आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "वरची माती ठेवत नाहीत. खडक लागेपर्यंतची सगळी यंत्राच्या पाण्याबरोबर वाहून जाते. तिथं गाळाचा खड्डा होता, पाच पावलांवर. काम संपल्यावर बुजवला."

बाई पाइपपासून गाळाच्या जागेपर्यंत चालत गेली. परत आली. पुन्हा गेली. मधली जमीन सपाट होती, पानांनी झाकलेली, आणि पाणी कुठून कसं वाहिलं असेल याची एक रेघसुद्धा उरली नव्हती.

"मग ही कुठं टाकू?" तिनं पिशवीकडे बोट केलं. "तुम्हाला जागा कळतात. सांगा."

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

तिनं पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. वजन बरंच होतं. बहात्तर वर्षांची बाई ते दिवसभर खांद्यावर घेऊन हिंडली होती. "मग तुम्हीच शोधा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "माझे गुडघे आता पुढच्या वर्षी येऊ देणार नाहीत."

ती झाडांना तळवा लावत, मोजत, फाटकाकडे निघून गेली. खुंटीसाहेब पाइप आणि गाळाची जागा यांच्यामध्ये पिशवी धरून उभे राहिले. पाच पावलांची जागा, पण कुठलंही पाऊल टाकायची त्यांना हिंमत होईना. दिवेलागणीला फाटकावरच्या माणसानं त्यांना शोधत येऊन हाक मारली, तेव्हा ते तिथंच उभे होते आणि पिशवी तशीच भरलेली होती.